साक्षीदाराच्या पायाशी

दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या आळीतील कुत्र्यांची जी दैना होते ती पाहवत नाही. एरवी साऱ्या आळीवर हुकमत गाजवणारा काळ्या, पहिला सुतळी बॉम्ब वाजताच आमच्या जिन्याखाली जो शिरतो तो भाऊबीज उलटल्याखेरीज बाहेर येत नाही. गेल्या वर्षी माझी धाकटी मुलगी नव्या परकराची पर्वा न करता त्याच्या शेजारी जमिनीवर बसली होती आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवीत 'काही नाही रे, काही नाही' असे पुनःपुन्हा सांगत होती. शब्द त्याला कळत नव्हते. हात कळत होता. हळूहळू त्याची थरथर थांबली. ते पाहताना मला वाटले, की याच्या अगदी उलट प्रकार या जगात एके ठिकाणी रीतसर, कायद्याच्या संमतीने चालू आहे. तेथे भ्यालेले असते ते माणसाचे मूल, आणि त्याच्या पायाशी येऊन बसतो तो कुत्रा. जागा मात्र जिन्याखालची नव्हे. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली असते.

संपादकांनी माझ्याकडे टीकालेख मागितला तेव्हा त्यांच्या मनात एखादी कादंबरी किंवा फार तर एखादा कवितासंग्रह असणार. मी त्यांची क्षमा मागून अमेरिकेतील दोन न्यायनिर्णय टीकेसाठी घेतले आहेत. कायद्याचे शिक्षण मला नाही. एका वकील मित्राने हे निकाल छापून आणून दिले आणि शब्दकोश उशाशी ठेवून मी ते श्रावणभर वाचले. वाचता वाचता माझी खात्री झाली, की न्यायनिर्णय हे एक वाङ्मयच आहे. त्यात पात्रे असतात, प्रसंग असतात, आणि एक निवेदक असतो. तो आपल्या कादंबऱ्यांतील निवेदकासारखाच सर्वज्ञ असल्याचा आव आणतो. फरक इतकाच, की त्याने शेवट चुकीचा केला तर एखादा खराखुरा माणूस तुरुंगात जातो.

आधी हकिकत सांगतो. सिएटल हे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील बंदर. तेथील किंग परगण्याच्या सरकारी वकिलांच्या कचेरीत एलन ओ'नील-स्टीफन्स नावाच्या बाई काम करीत. त्यांच्या अपंग मुलाच्या मदतीसाठी शिकवून तयार केलेला जीटर नावाचा कुत्रा त्यांच्या घरी होता. २००३ साली बाईंनी त्याला आपल्याबरोबर अल्पवयीन मुलांच्या न्यायालयात न्यायला सुरुवात केली. व्यसनांच्या फेऱ्यात सापडलेली, मोठ्या माणसांशी एक शब्द न बोलणारी पोरे या कुत्र्यापाशी बसून मोकळी होत, असे त्यांना दिसले. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००४ मध्ये, एली नावाची लॅब्रॅडॉर जातीची कुत्री त्या कचेरीत कायमची रुजू झाली. रुजू झाली हा शब्द मी थट्टेने वापरीत नाही. तिला कामाचे तास होते, कामाची जागा होती आणि एक साहेबही होता. त्यानंतर ही प्रथा अमेरिकेच्या अनेक राज्यांत गेली; २०१९ साली फ्रान्समधील काओर या गावी लोल नावाचा काळा लॅब्रॅडॉर न्यायखात्याच्या कामाला लागला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे कुत्रे म्हणजे कोणाचे घरचे लाडके कुत्रे नव्हेत. पिल्लू सुमारे दीड वर्षाचे होईपर्यंत एखादे स्वयंसेवक कुटुंब त्याला वाढवते, माणसांत वावरायला शिकवते. मग व्यवसायी शिक्षक त्याला हाती घेतात. न भुंकता, न कण्हता, समोर कोणी ओरडले तरी न दचकता तासन् तास एका जागी निजून राहणे, आणि खुणावले की उठून गुडघ्यावर डोके ठेवणे, हा त्यांचा अभ्यासक्रम. पस्तीस मिनिटांच्या तासात पन्नास मुलांना एका जागी बसवताना ज्याची त्रेधा उडते अशा मास्तराला त्या शिक्षकांचा हेवा वाटला, तर वाचकांनी नवल मानू नये.

आता पहिला निकाल. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीच्या काठी पोकीप्सी नावाचे गाव आहे. तेथे २०११ साली एक पंधरा वर्षांची मुलगी आपल्यावरील अत्याचाराची साक्ष द्यायला उभी राहिली. दिवाळी अंकात त्या प्रकाराचे वर्णन करण्याचे कारण नाही. आरोपी तिच्या घरातलाच होता एवढे सांगितले म्हणजे तिची जीभ का उचलत नव्हती हे कळेल. तिच्या पायाशी रोझी नावाची, वयाने पिकलेली गोल्डन रिट्रीव्हर जातीची कुत्री बसवण्याची परवानगी न्यायाधीशांनी दिली. मुलगी बोलली. आरोपी दोषी ठरला. त्याच्या वकिलांनी अपील केले ते कुत्रीविरुद्ध.

वकिलांचा आक्षेप मला निकालातील सर्वांत बुद्धिमान भाग वाटतो, आणि वर्तमानपत्रांनी त्याची जी चेष्टा केली ती अन्यायाची वाटते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ही कुत्री माणसाचा ताण ओळखते आणि त्याला धीर देते. पण ताण कशाचा हे ती ओळखत नाही. खरे सांगताना होणाऱ्या यातनेने मुलगी थरथरत असेल तरी ती जवळ सरकेल आणि खोटे पचवण्याच्या भीतीने थरथरत असेल तरीही सरकेल. ज्यूरीतील बारा सामान्य माणसांना मात्र एवढेच दिसेल, की मुलगी अडखळली आणि कुत्रीने तिच्या मांडीवर डोके ठेवले. त्यांच्या मनात आपोआप येईल, की बिचारी खरे बोलते आहे. माणसाने अशी शिफारस केली असती तर त्याची उलटतपासणी घेता आली असती. कुत्रीची कशी घ्यायची?

आपल्या साहित्यशास्त्राला हा आक्षेप परका नाही. भरताच्या नाट्यशास्त्रापासून आपण शिकत आलो आहोत, की विभाव म्हणजे भावना जागवणारे कारण आणि अनुभाव म्हणजे तिची बाहेर दिसणारी खूण. रंगभूमीवर आपण अनुभाव पाहतो आणि त्यावरून आतला भाव गृहीत धरतो. सिंधूने डोळ्यांना पदर लावला, की आपल्या घशाशी येते. ते अश्रू नटीचे नसून भूमिकेचे आहेत हे आपल्याला ठाऊक असते आणि तरी आपण रडतो. करुणरसाची गोडी त्यातच आहे. न्यायालयात नेमके हे घडता कामा नये. तेथे बारा प्रेक्षकांना घशाशी येणे हा दोष आहे. अनुभावावरून भाव गृहीत धरण्याची आपली जन्मभराची सवय तेथे दाराबाहेर, चपलांबरोबर काढून ठेवायची असते. आणि पायाशी बसलेला कुत्रा हे तर जगातील सर्वांत हमखास उद्दीपन. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक पडू लागले, की कोणीतरी एक लहान मूल रंगमंचावर सोडतो, त्याच जातीचा हा उपाय होऊ शकतो.

तेव्हा प्रश्न असा: कुत्रा कोणासाठी? बोलणाराची जीभ सुटावी म्हणून तो आहे, की ऐकणाराचे मन विरघळावे म्हणून? पहिले काम न्यायाचे, दुसरे नाटकाचे. आणि दुर्दैवाने एकच कुत्रा, एकाच जागी बसून, दोन्ही कामे एकदम करू शकतो.

अमेरिकेतील न्यायालयांनी यावर शोधलेला तोडगा मोठा सूचक आहे. ज्यूरी आत येण्यापूर्वीच कुत्र्याला पिंजऱ्यात नेऊन साक्षीदाराच्या पायाशी निजवतात. कठड्याआड तो शक्यतो दिसत नाही. ज्यूरी बाहेर गेल्यावरच त्याला उठवतात. शिवाय न्यायाधीश ज्यूरीला बजावतात, की कुत्र्याच्या उपस्थितीवरून कोणाच्याही बाजूने काही अनुमान काढू नका. म्हणजे नाटकाच्या भाषेत, पडदा उघडण्यापूर्वी पात्र जागेवर, साऱ्या अंकात नेपथ्याआड, आणि पडदा पडल्यावर एक्झिट. जे पात्र दिसू नये म्हणून एवढी खटपट करावी लागते, त्याच्या प्रभावाविषयी खुद्द न्यायाधीशांच्या मनात किती धाक असेल!

न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने २०१३ च्या जुलैमध्ये शिक्षा कायम केली. निकालाच्या परिणामाविषयी माझी तक्रार नाही. मुलीने शपथ घेतली होती, तिची उलटतपासणी झाली होती, ज्यूरीला तिचा चेहरा दिसत होता. आरोपीचा कोणता हक्क बुडाला हे त्याच्या वकिलांना दाखवता आले नाही. माझी तक्रार आहे ती निकालाच्या प्रतिमांविषयी. कुत्र्यासाठी पूर्वीचा दाखला शोधताना न्यायमूर्ती गेले ते १९९४ च्या एका निकालाकडे, ज्यात एका मुलाला साक्ष देताना कापसाचे अस्वल जवळ ठेवू दिले होते. गंमत अशी, की वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरात एलीविषयीचा निकाल दिला तेव्हा त्यांनीही आधार घेतला तो मुलांच्या हातातील बाहुल्यांचा. देशाच्या दोन टोकांना दोन न्यायालये बसली आणि दोघांनीही कुत्र्याचे कूळ शोधले ते खेळण्यांत.

कादंबरीकाराला हे पटणे कठीण. बाहुली मुलाकडे पाहत नाही. मूल अडखळले म्हणून कापसाचे अस्वल जवळ सरकत नाही. कुत्रा उपयोगी पडतो तो मुळी तो जिवंत आहे आणि प्रतिसाद देतो म्हणून. मग त्याला बाहुली का म्हणायचे? मला वाटते, न्यायमूर्तींना त्याच्या जिवंतपणाचीच अडचण होती. तो जिवंत आहे असे एकदा म्हटले, की पुढचा प्रश्न येतो: त्याला काय वाटते? त्याचा मुलीवर विश्वास आहे का? बाहुलीला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कायद्याच्या सोयीसाठी जिवंत प्राण्यात कापूस भरण्याची ही युक्ती मला समजते, पण आवडत नाही. न्यायालयाने सरळ म्हणावे, की हा जिवंत आहे, याला माया आहे, आणि याला खऱ्याखोट्यातले काही कळत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

एलीचा निकाल वाङ्मय म्हणून अधिक सरस आहे, याचे कारण त्यात एक माणूस दिसतो. तेथील साक्षीदार मूल नव्हते. पन्नाशी ओलांडलेला, परंतु बुद्धीने लहान मुलासारखा राहिलेला एक गृहस्थ होता. त्याच्या घरी चोरी झाली होती. साक्षीची त्याला धास्ती वाटत होती आणि एली जवळ असावी अशी त्याने स्वतःच मागणी केली. आरोपीच्या वकिलाने हरकत घेतली. कुत्रीमुळे ज्यूरीचे मन कलुषित होईल हे एक कारण, आणि आपल्या अशिलाला कुत्र्यांची ॲलर्जी आहे हे दुसरे. (दुसरे कारण वाचून मला हसू आले आणि मग लाज वाटली. शिंका देणारा आरोपी ज्यूरीला कसा दिसेल, हाही प्रश्नच आहे.) न्यायाधीशांनी परवानगी दिली. साक्ष देताना या गृहस्थाने कुत्रीला खाऊ भरवला. मला सोपे जावे म्हणून ही येथे आली आहे, अशा अर्थाचे त्याने साध्या शब्दांत सांगून टाकले. आणि पुढे एक कागद वाचायला दिला तेव्हा त्याने तो कागद टेकवण्यासाठी एलीच्या पाठीचे मेज केले!

कुत्रीच्या पाठीवर कागद ठेवून तो वाचणारा प्रौढ माणूस: असे एक वाक्य लिहायला मिळावे म्हणून मी सहा महिने घालवले असते. निकालातील कायद्याची कलमे उद्या मी विसरेन, हे चित्र विसरणार नाही. आणि येथेच टीकाकार म्हणून मला खडबडून जागे व्हावे लागते. मी ज्यूरीत असतो तर? हे चित्र पाहिल्यावर आरोपीने चोरी केलीच नाही असे मानायला माझे मन सहज तयार झाले असते काय? वॉशिंग्टनच्या न्यायालयानेही धोका ओळखलेला आहे, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. पक्षपात झाल्याचे या खटल्यात दिसत नाही आणि ज्यूरीला योग्य ती सूचना दिली होती, असे म्हणून त्याने शिक्षा कायम केली. न्याय बहुधा बरोबर झाला असेल. पण सूचना दिल्याने डोळ्यांनी पाहिलेले पुसले जाते, हे मला पटत नाही. वर्गात 'हा धडा परीक्षेला नाही' असे सांगितले म्हणून मुले तो विसरत नाहीत. उलट तोच लक्षात ठेवतात.

अनुभावावर विश्वास ठेवू नये हे मी पुस्तकातून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी मला जिल्ह्याच्या न्यायालयातून समन्स आले. मुलांवरील अत्याचाराच्या खटल्यात मूल अठरा वर्षांखालील होते हे सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर घेऊन कोणातरी मास्तराला जावे लागते. मी गेलो. सकाळी साडेदहापासून व्हरांड्यातील बाकावर बसलो होतो. माझे काम म्हणजे रजिस्टर उघडायचे, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी वाचून दाखवायची, की संपले. संध्याकाळी पाचच्या सुमारास पुकारा झाला. आरोपीच्या वकिलांनी विचारले, 'ही नोंद तुमच्या हस्ताक्षरात आहे का?' मी म्हणालो, 'नाही.' 'मग ती खरी आहे हे तुम्ही कशावरून सांगता?' वीस वर्षे फळ्यासमोर उभा राहून बोलणारा मी. माझ्या तोंडाला कोरड पडली. रजिस्टरावरचे बोट थरथरू लागले. 'रजिस्टर शाळेच्या ताब्यात असतं,' एवढे वाक्य पुरे करायला मला तीन प्रयत्न लागले. मी अक्षर अन् अक्षर खरे सांगत होतो. त्या क्षणी मला पाहणाऱ्या कोणालाही मी खोटा वाटलो असतो. आणि माझ्या पायाशी एखादा कुत्रा येऊन बसला असता तर त्याच मला पाहून लोक म्हणाले असते, 'अहो, किती प्रामाणिक माणूस!'

ती मुलगीही त्या दिवशी बाकावर होती. चौथीत ती माझ्याच वर्गात होती. तिच्याविषयी शेवटी सांगतो.

या कुत्र्यांची बातमी आपल्याकडे येते ती बहुधा मोबाइलवरून, एका गोंडस छायाचित्रासह. खाली कोणीतरी लिहिलेले असते, की मुक्या जनावराला खरे-खोटे बरोबर कळते. हा समज अर्धवट स्मरणातल्या महाभारताचा आहे, असे मला वाटते. आपल्या दोन्ही महाकाव्यांत कुत्रा न्यायाच्या दारी येतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. महाभारताच्या अगदी आरंभी जनमेजयाच्या सत्रात एक कुत्र्याचे पोर येते. राजाचे भाऊ त्याला बदडतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जाते आणि सांगते, की मी हविर्भागाकडे पाहिले नाही, त्याला तोंडही लावले नाही. सरमा थेट यज्ञमंडपात येऊन जाब विचारते. एवढ्या विद्वानांत कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारे भय येईल. रामायणाच्या उत्तरकांडातील, प्रक्षिप्त मानल्या गेलेल्या सर्गांत तर डोके फुटलेला कुत्रा रामाच्या राजद्वारी उभा राहून फिर्याद करतो आणि मारणाऱ्या ब्राह्मणाला शिक्षा म्हणून कालंजर येथील मठाचा कुलपती नेमा असे सुचवतो. आपण पूर्वजन्मी तेथेच कुलपती होतो, हे त्याचे स्पष्टीकरण ऐकल्यावर शिक्षेची कडकी कळते. (आमच्या शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीत ही कथा वर्षातून एकदा वाचावी.)

हे दोन्ही कुत्रे बोलतात. ते वादी आहेत. तिसरा, सर्वांना माहीत असलेला, युधिष्ठिरामागून हिमालयात चालत जाणारा कुत्रा तेवढा मुका आहे आणि न्यायालयातील कुत्र्याला जवळचा वाटतो तोच. पण तो अखेरीस निघतो कोण? साक्षात धर्म. तो सोबत करीत नव्हता, परीक्षा घेत होता! हीच प्रतिमा आपण नकळत रोझीवर आणि एलीवर चढवतो. कुत्रा जवळ गेला म्हणजे धर्माने कौल दिला, असे आपल्याला वाटते. रोझीत धर्मबिर्म काही नव्हता. ती कौल देत नव्हती, पारख करीत नव्हती. भ्यालेल्या मुलीला साऱ्या न्यायालयात असा एक तरी जीव हवा असतो, जो तिची पारख करीत नाही. न्यायाधीश पारख करतात, ज्यूरी करते, दोन्ही वकील करतात, आईसुद्धा डोळ्यांनी विचारीत असते की नीट सांगशील ना. रोझी काही विचारीत नव्हती. आरोपीच्या वकिलांनी जो तिचा दोष म्हणून दाखवला, खऱ्याखोट्यातला भेद न कळणे, तोच तिचा गुण होता. तेवढ्यापुरते ते आणि मी एकाच मताचे आहोत. ते म्हणतात म्हणून तिला बाहेर काढा, मी म्हणतो म्हणून तिला कठड्याआड ठेवा.

मर्यादाही आहेतच. मिशिगनच्या अपील न्यायालयाने २०१८ साली एका खटल्यातील शिक्षा रद्द केली. तेथे साक्षीदार स्त्री प्रौढ आणि धडधाकट होती, आणि तिच्यासोबत कुत्रा व त्याचा सांभाळ करणारा अशा दोघांना बसू दिले होते. एवढ्याला कायद्यात आधार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मला हा निकाल कठोर वाटला, पण निष्ठुर वाटला नाही. आधाराची गरज कोणाला हे ठरवण्याची काहीएक रीत असलीच पाहिजे, नाहीतर उद्या प्रत्येक पक्षकार आपापला कुत्रा घेऊन येईल आणि न्यायालयाचे प्रदर्शन होईल.

आपल्याकडे काय? फौजदारी खटल्यांतून ज्यूरी गेली. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने जी भावविवशता दाखवली तिची चर्चा अजून थांबलेली नाही, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. म्हणजे अमेरिकेतील बचावाच्या वकिलांचा सर्वांत मोठा धाक येथे बराचसा लटका पडतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलाच्या साक्षीसाठी पुष्कळ सोयी सांगितल्या आहेत. आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, वकिलांनी प्रश्न थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारावेत, मुलाला वारंवार बोलावू नये, सुनावणी बंद दाराआड व्हावी. त्याच वर्षी दिल्लीच्या कडकडडूमा न्यायालयात अशा साक्षीदारांसाठी वेगळी जागा झाली. २०१७ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी केंद्रे सर्वत्र उभारण्यास सांगितले.

या कायद्याचे तेहतिसावे कलम वाचताना मी एका शब्दापाशी थांबलो. न्यूयॉर्कच्या खटल्यात वाद झाला होता, की कायद्यात मुलाजवळ आधार देणारी 'व्यक्ती' असू द्यावी असे आहे, आणि कुत्रा म्हणजे व्यक्ती नव्हे. शेवटी न्यायालयाने त्या शब्दाला फारसे न भिडता, मुलाच्या मनावरील ताणाची न्यायाधीशाने जाण ठेवावी, या दुसऱ्या तरतुदीचा आश्रय घेतला. आपल्या तेहतिसाव्या कलमात यादी आहे ती अशी: मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे असा कुटुंबातील माणूस, पालक, मित्र किंवा नातेवाईक. मित्र! कायदा लिहिणाराच्या मनात कुत्रा नव्हता हे मला कळते. कोणा वकिलाने असा अर्थ लावला तर न्यायाधीश काय म्हणतील हेही मी सांगू शकत नाही. परंतु 'व्यक्ती' या शब्दापेक्षा 'मित्र' हा शब्द लिहिणारा मला मुले अधिक ओळखणारा वाटतो.

आता त्या मुलीविषयी. सकाळी मी बाकावर जाऊन बसलो तेव्हा ती आई आणि एक सहायक बाई यांच्यामध्ये बसली होती. मला पाहून तिने मान खाली घातली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, 'गुरुजी, तुम्हीपण साक्षीला?' मी 'हो' म्हणालो. पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही. मला जे काही विचारता आले असते ते सारे विचारण्याजोगे नव्हते. व्हरांड्यात एक पिवळट कुत्रा निजला होता, न्यायालयाच्या आवारात असतो तसा, एक कान फाटलेला. तिने पिशवीतून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढला आणि एकेक बिस्किट मोडून त्याला घालू लागली. कुत्रा सरकत सरकत तिच्या चपलांपाशी आला आणि तिच्या पावलावर हनुवटी टेकून पडला. तासाभरात ती त्याच्याशी काहीतरी बोलूही लागली. इतक्या हलक्या आवाजात, की शेजारी बसलेल्या आईलाही ऐकू जाऊ नये.

दुपारी आतून बोलावणे आले. शिपाई दारात उभा होता. ती उठली, तसा कुत्राही उठला आणि तिच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेला. तेथे ती थांबली.

'काका, हा आत आला तर चालेल का?' तिने विचारले.

शिपायाच्या हातात कुत्री हाकलायची काठी होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा आत साहेबांच्या दिशेने पाहिले.

'नाही चालत, बाळा,' तो म्हणाला. 'पण इथंच बसू दे त्याला. मी नाही हाकलत.'

दार लागले. कुत्रा उंबऱ्याला नाक लावून बसून राहिला. पाऊण तासाने दार उघडले तेव्हा तो तेथेच होता, आणि शिपाई काठी भिंतीला टेकवून स्टुलावर बसला होता.